पेन्सिलने लिहिलेला आकडा : २००८ च्या संकटावरील माहितीपट पाहून

मुठाकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार.

गेल्या शनिवारी रात्री २००८ च्या अमेरिकी आर्थिक संकटावरचा माहितीपट पाहिला आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतील बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली ती १५ सप्टेंबर २००८ रोजी. तेव्हा मी पुण्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरीला होतो, आणि ती बातमी आम्ही दुपारच्या सुट्टीत डबे उघडता उघडता, दूरच्या देशात काहीतरी घडले आहे अशा भावनेने वाचली होती. इतक्या वर्षांनी तोच घटनाक्रम पडद्यावर पाहताना मात्र त्या काचेच्या उंच इमारतींमध्ये मला आमचाच कर्ज विभाग दिसत राहिला. म्हणून हा धागा काढला आहे.

माहितीपट पाहून बहुतेकांना राग येतो तो कोट्यवधी डॉलरचे बोनस घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा. तो राग योग्यच आहे. मला मात्र त्याहून अधिक अस्वस्थ केले ते वेगळ्या माणसांनी, म्हणजे ज्यांचे कामच मुळी ‘थांबा’ म्हणण्याचे होते त्यांनी. घरासाठी कर्ज देणारी कंपनी ते कर्ज काही आठवड्यांत गुंतवणूक बँकेला विकून मोकळी होत होती, त्यामुळे कर्जदार हप्ते फेडू शकेल का, हे तपासण्याची तिला गरजच उरली नव्हती. गुंतवणूक बँक अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे काढत होती आणि त्या रोख्यांना सर्वोच्च पतश्रेणी, म्हणजे पैसे परत मिळण्याची सर्वाधिक खात्री असल्याचा दर्जा, मिळवून घेत होती. ही श्रेणी देणाऱ्या मूडीज, स्टँडर्ड अँड पुअर्स आणि फिच या संस्थांची फी कोण देत होते? ज्यांचे रोखे तपासायचे, तीच बँक. पूर्वी हे पैसे गुंतवणूकदार देत असत. १९७० च्या दशकात ही पद्धत उलटली आणि तेव्हापासून परीक्षार्थी परीक्षकाचे मानधन देऊ लागला.

ज्यांनी धोका ओळखला, त्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ब्रुक्सली बॉर्न या अमेरिकेतील वायदेबाजाराच्या नियामक संस्थेच्या अध्यक्ष होत्या. डेरिव्हेटिव्हज, म्हणजे कर्ज, रोखे, व्याजदर अशा दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर बेतलेले करार, यांच्या व्यवहारांवर देखरेख हवी, असा प्रस्ताव त्यांनी १९९८ मध्ये मांडला, तेव्हा अॅलन ग्रीनस्पॅन, रॉबर्ट रुबिन आणि लॅरी समर्स या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील आणि अर्थखात्यातील त्या काळच्या सर्वांत वजनदार मंडळींनी मिळून त्यांना विरोध केला. १९९९ मध्ये त्या पदावरून गेल्या. त्याच वर्षी ठेवी घेणाऱ्या बँका आणि सट्ट्याचे व्यवहार करणाऱ्या बँका यांच्यामध्ये १९३३ पासून उभी असलेली कायद्याची भिंत पाडण्यात आली, आणि २००० मध्ये या डेरिव्हेटिव्हजना देखरेखीतून बहुतांशी सूट देणारा कायदा झाला. आठ वर्षांनी याच व्यवहारांपायी एआयजी ही विमा कंपनी बुडू लागली, तेव्हा सरकारला एका दिवसात ८५ अब्ज डॉलर देऊ करावे लागले.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक मोठे कर्जप्रकरण माझ्याकडे आले. शहराबाहेरच्या रस्त्यालगतची जमीन तारण होती. मूल्यांकनाचा अहवाल अजून यायचा होता, पण फाइलच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, टॅगच्या भोकाशेजारी, पेन्सिलने बारीक अक्षरांत एक आकडा लिहिलेला होता. आठ दिवसांनी मूल्यांककाचा शिक्क्यासह अहवाल आला. त्यातील किंमत त्या पेन्सिलच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होती. मी शाखाधिकाऱ्यांना विचारले तेव्हा, “कर्ज समितीने पाहिले आहे, तुम्ही टिपण तयार करा,” एवढेच उत्तर मिळाले. तपासणी होण्यापूर्वी तो आकडा पुसून टाका, असेही मला सांगण्यात आले. मी पुसला. रबराचा भुगा फुंकून टाकला आणि टिपणाखाली सही केली. मूल्यांकक बँकेच्या पॅनेलवरचा होता आणि पॅनेलवर राहायचे की नाही, हे समितीच्या हाती होते. माझी पदोन्नतीही त्याच समितीच्या हाती होती. घरी दोन मुले शाळेत जात होती, हे मी कारण म्हणून सांगत आहे, समर्थन म्हणून नाही.

ते कर्ज बुडाले. तशी आणखीही बरीच बुडाली. पुढे बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे ठेवीदारांच्या पैसे काढण्यावर बंधन आले. त्या सकाळी शटर अर्धे उघडे होते आणि बाहेरच्या रांगेत एक आजी ठेव पावत्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखले आणि विचारले, “साहेब, तुम्ही आत आहात ना, मग काळजी नाही ना?” माहितीपट संपल्यावर मला तेच वाक्य ऐकू येत होते.

आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

हिंजवडीकर :

काका, आपण हे लिहिलेत यासाठी धन्यवाद. मी २००९ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. कॅम्पसमधून निवड झाली होती, नेमणुकीचे पत्र हातात होते आणि रुजू होण्याची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. नऊ महिने मी आईवडिलांना “पुढच्या महिन्यात” असे सांगत होतो. अमेरिकेतील कुणीतरी कुणाला तरी घर घ्यायला कर्ज दिले आणि माझी नोकरी अडली, यांतला दुवा मला तेव्हा कळला नव्हता आणि माहितीपट पाहूनही पुरता कळलेला नाही. विशेषतः न फिटणाऱ्या कर्जांतून सर्वोच्च पतश्रेणीचे रोखे कसे तयार होऊ शकतात, हे कुणी साध्या भाषेत समजावून सांगेल का? त्यात सरळ सरळ खोटेपणा होता की काही गणित होते?

मुठाकाठ :

गणित होते आणि तेच अधिक घातक ठरले. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड डोळ्यांसमोर आणा. हजारो कर्जदारांचे हप्ते दरमहा वरून ओतले जातात. सर्वांत वरचे मडके आधी भरते, ते भरले की खालचे, मग त्याच्या खालचे. काही कर्जदारांनी हप्ते थकवले तर तळाची मडकी रिकामी राहतात, वरच्याला झळ लागत नाही. म्हणून वरच्या मडक्याला सर्वोच्च श्रेणी, आणि तळाच्या मडक्यांना धोका अधिक म्हणून व्याज अधिक. इथपर्यंत त्यात तर्क आहे.

पुढे असे झाले की खालची मडकी कुणी घेईना. तेव्हा निरनिराळ्या उतरंडींमधली खालची मडकी गोळा करून त्यांचीच नवी उतरंड रचण्यात आली आणि त्या नव्या उतरंडीच्या वरच्या मडक्यांना पुन्हा सर्वोच्च श्रेणी देण्यात आली. त्यामागचे गृहीतक असे की सगळीकडची तळाची मडकी एकाच वेळी रिकामी राहणार नाहीत, कारण साऱ्या देशात घरांच्या किमती एकदम पडत नाहीत. त्या पडल्या. २००६ पासून किमती उतरू लागल्या, हप्ते थकू लागले आणि आडनावे वेगळी असली तरी ही मडकी एकाच मातीची होती, हे उघड झाले.

या रोख्यांवर एआयजीने विमा उतरवल्यासारखे करार केले होते, आणि ज्याच्याकडे रोखा नाही त्यालाही असा करार घेता येत होता. शेजाऱ्याच्या घराचा आगीचा विमा आपल्या नावाने काढता आला तर आळीत काय होईल, याचा विचार करून पाहा.

शनिवार_पेठ :

उतरंडीचा दाखला चपखल आहे. हिंजवडीकरांच्या ‘दुवा कळला नाही’ या वाक्यावर मी थोडे लिहितो, कारण मी १२ जुलै १९६१ चा पूर लहानपणी पाहिला आहे. पानशेत धरण फुटले हे सर्वांना आठवते, पण शहरात पाणी आले ते खडकवासला धरणही त्यापाठोपाठ फुटल्यामुळे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. खडकवासल्याचे धरण जुने होते आणि अनेक दशके टिकलेले होते; वरून एकदम येणारे एवढे पाणी पेलण्यासाठी ते बांधलेले नव्हते. वित्तसंस्थांचेही असेच असावे. लेहमन ज्यांचे देणे लागत होती ते आणखी कुणाचे तरी देणे लागत होते, आणि कोणाकडे किती बुडीत रोखे आहेत हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे सर्वांनी सर्वांना उसने देणे थांबवले. उसनवारी थांबली की कारखान्याचे पगार थांबतात, पगार थांबले की खरेदी थांबते, आणि मग हिंजवडीतल्या कंपनीला काम देणारा ग्राहकच हात आखडता घेतो. अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले होते.

एक मतभेदही नोंदवतो. मुठाकाठ यांनी आपली सही आणि वॉल स्ट्रीट एका तागडीत तोलले आहे, ते मला पटलेले नाही. पगारदार माणसाने वरिष्ठांच्या सांगण्यावरून केलेली सही आणि ठरवून केलेली लूट यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुसले तर लुटणाऱ्यांचेच फावते.

ताळेबंद :

मी सनदी लेखापाल आहे आणि पुण्यात वीस वर्षांहून अधिक काळ लेखापरीक्षण करतो आहे. शनिवार_पेठ यांचा मुद्दा भावनेच्या दृष्टीने समजतो, पण कामाच्या दृष्टीने मुठाकाठ यांचे म्हणणे मला अधिक अचूक वाटते. लूट ठरवणारे चारदोनच असतात. ती पार पडते ती पंधरा-वीस सह्यांवर, आणि त्या पंधरा-वीसांपैकी प्रत्येकाला वाटत असते की आपली सही केवळ औपचारिक आहे.

रघुराम राजन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन होल येथे मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांसमोर जो निबंध वाचला, त्याचा गाभा हाच होता. व्यवस्थापकांना नफ्यावर आज बोनस मिळतो आणि तोटा पुढे कधीतरी, दुसऱ्याच्या अंगावर येतो. अशा रचनेत माणसे दिसत नसलेला धोका पत्करणारच, असे त्यांनी सांगितले. लॅरी समर्स यांनी त्याच सभेत त्यांच्यावर कठोर टीका केली. समर्स हे नाव वर एकदा येऊन गेले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

आपल्याकडे हे होत नाही, असे समजणाऱ्यांसाठी आयएल अँड एफएसचे उदाहरण पुरेसे आहे. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणारा, सुमारे ९१ हजार कोटी रुपयांचे कर्ज असलेला हा समूह. त्याच्या रोख्यांना २०१८ च्या मध्यापर्यंत सर्वोच्च पतश्रेणी होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, काही आठवड्यांच्या आत, ती श्रेणी थकबाकीदाराच्या पायरीपर्यंत घसरली. काही आठवड्यांत एवढा मोठा समूह पोखरत नाही; तो आधीच पोखरलेला होता आणि श्रेणी देणाऱ्यांनी ते सांगितले नव्हते. या रोख्यांमध्ये म्युच्युअल फंडांचे आणि भविष्यनिर्वाह निधींचे पैसे होते, म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी रोखा हा शब्दही उच्चारला नव्हता अशा कामगारांचे. सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने पतमापन (पतश्रेणी देणाऱ्या) संस्थांना आधी २५ लाख आणि पुढे १ कोटी रुपयांचा दंड केला. ९१ हजार कोटींच्या शेजारी हा आकडा लिहून पाहावा.

माझ्या व्यवसायाबद्दलही लिहायला हवे. लेखापरीक्षकाची फी त्याच संस्थेकडून येते जिची वही तो तपासतो. मी एकदा एका संस्थेच्या अहवालात प्रतिकूल शेरा लिहिला आणि पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे राहिले नाही. कुणी धमकावले नाही, कुणी आवाज चढवला नाही. केवळ दूरध्वनी आला नाही.

लक्ष्मी_रस्ता :

मी कापडाचा व्यापारी आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. या चर्चेचा सूर असाच राहिला तर सहकारी बँक म्हणजे घोटाळा, असे नव्या पिढीला वाटू लागेल. आमच्या वडिलांना दुकानासाठी पहिले भांडवल सहकारी बँकेने दिले, तेही मोठ्या बँकेच्या व्यवस्थापकाने त्यांना खुर्चीवर बसूसुद्धा दिले नव्हते त्या काळात. दुसरे असे की ठेवीदारही निर्दोष नसतात. अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त मिळते म्हणून आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवायची आणि ते जास्तीचे व्याज कुठून येते हे विचारायचे नाही, याला काय म्हणावे?

मुठाकाठ :

आपल्या वडिलांचा अनुभव खरा आहे आणि मी त्याच कारणासाठी त्या नोकरीत गेलो होतो. याच शहरात गोखले अर्थशास्त्र संस्थेत बसून धनंजयराव गाडगीळांनी सहकाराचा विचार केला आणि तेवढ्यावर न थांबता प्रवरानगरच्या शेतकऱ्यांबरोबर बसून साखर कारखाना उभा केला, त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारीही घेतली. माहितीपटातील प्राध्यापकांची मुलाखत पाहताना मला गाडगीळ आठवले. फ्रेडरिक मिश्किन या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापकांनी २००६ मध्ये आइसलंडच्या वित्तव्यवस्थेला सुदृढ ठरवणारा अहवाल लिहिला, आणि त्यासाठी त्या देशाच्या वाणिज्य मंडळाने त्यांना १ लाख २४ हजार डॉलर दिले होते. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. अर्थतज्ज्ञाने कुणाशेजारी बसावे, हा प्रश्न मला त्यामुळे फार महत्त्वाचा वाटतो.

त्याच आइसलंडने पुढे जे केले ते मात्र अमेरिकेला जमले नाही. चौकशीसाठी विशेष अभियोक्ता नेमला गेला तो आक्रानेस या छोट्या बंदरगावातला पोलीसप्रमुख. उच्चभ्रू वित्तवर्तुळाशी त्याचा काही लागाबांधा नव्हता, आणि मला वाटते तेच त्याच्या कामी आले. त्या तिन्हींपैकी कौपथिंग बँकेच्या प्रमुखांच्या शिक्षेवर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत वॉल स्ट्रीटवरील बड्या बँकेचा एकही मुख्याधिकारी या संकटापायी तुरुंगात गेला नाही.

ठेवीदारांच्या दोषाबद्दल मात्र मी सहमत नाही. रुपी बँक १९१२ मध्ये स्थापन झालेली. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. नऊ वर्षांहून अधिक काळ पुण्यातील घरांमध्ये लग्ने, शस्त्रक्रिया आणि शिक्षणे त्या पैशांवाचून अडली. त्या बँकेत खाते असणे हा हव्यास नव्हता. ती कोपऱ्यावरची बँक होती आणि आजोबांचेही खाते तिथेच होते. आतली फाइल ज्याला कधीच दिसणार नाही, त्याला फाइल न पाहिल्याबद्दल दोष कसा द्यावा?

निवृत्त_शिक्षिका_कोथरूड :

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. माझे निवृत्तीवेतन आणि यजमानांच्या पश्चात मिळालेली रक्कम एका सहकारी बँकेत आणि काही भाग घराजवळच्या पतसंस्थेत आहे. माहितीपट मी पाहिलेला नाही आणि या वयात झोप घालवण्याची इच्छाही नाही. आपण सर्व जाणकार आहात, तर माझ्यासारखीने नेमके काय पाहावे, एवढे कृपया सांगावे. मला आकडे वाचता येतात. मी तीस वर्षे गणित शिकवले आहे.

ताळेबंद :

ताई, सर्वांत आधी पतसंस्थेबद्दल लिहितो, कारण ते अधिक तातडीचे आहे. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. सहकारी बँकेतील ठेवीला असते. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली, निर्बंध आलेल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी काही महिने रस्त्यावर काढल्यानंतर. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून असतात आणि एका बँकेच्या सर्व शाखांमधील आपल्या नावावरची रक्कम त्यासाठी एकत्र धरली जाते; म्हणजे कोथरूड आणि डेक्कन अशा दोन शाखांत पैसे विभागून उपयोग नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे.

त्यानंतर बँकेचा वार्षिक अहवाल मिळवा. ढोबळ अनुत्पादक (म्हणजे थकलेल्या) कर्जांचे प्रमाण आणि निव्वळ (म्हणजे त्यांच्यासाठी केलेली तरतूद वजा करून उरलेल्या) अनुत्पादक कर्जांचे प्रमाण, दोन्ही गेल्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी लिहा. भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे कर्जांतील धोक्याच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती याचे, प्रमाण पाहा. लेखापरीक्षकांचे शेरे शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असतात, ते भिंग घेऊन वाचा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची ओळ शोधा. सहकारी बँकांना अशी कर्जे देण्यास एरवी मनाई आहे, म्हणून त्या ओळीत आकडा दिसला तर खुलासा मागा.

मुठाकाठ :

ताळेबंद यांनी सांगितले ते सर्व योग्य आहे. मी आतला माणूस म्हणून एकच भर घालतो. सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. विषयपत्रिकेत लेखापरीक्षकांच्या नेमणुकीचा विषय असतो. त्या नेमणुकीला आता रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती लागते, पण ठराव सभेतच होतो. मी अशा अनेक सभांना व्यासपीठाच्या मागे फाइली घेऊन उभा राहिलो आहे. विषयाचा क्रमांक वाचला जातो, पहिल्या दोन रांगांमधून “मंजूर, मंजूर” असा आवाज होतो, टाळ्या वाजतात आणि सचिव पुढचा क्रमांक वाचतात. मागच्या रांगेत चहा आणि बटाटेवड्याची पाकिटे वाटायला सुरुवात झालेली असते. इतक्या वर्षांत त्या विषयावर उभे राहून कुणी प्रश्न विचारल्याचे मला दोनदाच आठवते, आणि दोन्ही वेळा व्यासपीठावरील सर्वजण सावरून बसले होते.

मात्र ताई, बोलण्याचा आणि मताचा अधिकार सभासदाला असतो, केवळ ठेवीदाराला नाही. आपल्याकडे भागाचा (शेअरचा) दाखला आहे का, ते पाहा.

निवृत्त_शिक्षिका_कोथरूड :

काल संध्याकाळी कपाटातली जुनी फाइल काढली. घरासाठी कर्ज घेतले तेव्हा बँकेने भाग घ्यायला लावले होते, ते मी विसरूनच गेले होते. १९८७ चा दाखला आहे, माझ्याच नावाचा, कडा पिवळ्या पडलेल्या, पण शिक्का आणि सही स्वच्छ वाचता येते. आज शाखेत जाऊन मी सभासद क्रमांक तपासून घेतला. नाव यादीत आहे. वार्षिक अहवाल मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी “संकेतस्थळावर आहे” असे सांगितले, मी छापील प्रत हवी म्हटल्यावर आतून आणून दिली. तीन वर्षांचे आकडे वहीत उतरवले आहेत. ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण दरवर्षी वाढले आहे आणि लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांमध्ये ‘तारणाच्या मूल्यांकनाचे अहवाल जुने आहेत’ असे एक वाक्य आहे. त्याचा अर्थ मला या धाग्यामुळे कळला.

सभा पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. प्रश्न लेखी द्यावा लागतो का, आणि किती दिवस आधी?

मुठाकाठ :

लेखी देणे चांगले, म्हणजे तो इतिवृत्तात येतो. मुदत सभेच्या सूचनेतच खाली छापलेली असते, ती आजच पाहा. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. मूल्यांककांचे पॅनेल कोण ठरवते आणि एकच मूल्यांकक किती वर्षे काम करतो, हेही त्यात विचारा. मसुदा मी आज रात्री करून पाठवतो. मी त्या बँकेचा सभासद नाही, त्यामुळे मला सभागृहात बसता येणार नाही, पण रविवारी दहाच्या आधी दाराशी येऊन थांबेन.

लक्ष्मी_रस्ता :

मी सभासद आहे. ताई, मी आपल्या शेजारी बसेन.